ज्युनिअर वकील मुली: वकीलपत्रावर नाव, मानधन आणि "पोटगीचं तुम्हीच बघा"

सनद_नवीकोरी

नमस्कार. सनद मिळाली, बार परीक्षाही पास. पुण्यात शिवाजीनगरला एका दिवाणी वकिलांच्या ऑफिसात आठ महिने ज्युनिअर आहे. जाणकारांनी नेमकं सांगावं:

१. रोज चार-पाच कोर्टांत जाणं होतं, पण काम म्हणजे तारखा, मुदतीचे अर्ज आणि नकला. वकीलपत्रावर (अशील वकिलाला नेमतो तो कागद) फक्त सरांचं नाव असतं.
२. मानधन ६,०००, रोख. कधी दहा तारखेला, कधी वीस तारखेला.
३. ऑफिसात आणखी दोन ज्युनिअर आहेत, दोघे मुलगे. उलटतपासाची तयारी त्यांच्याकडे, पोटगी आणि घटस्फोट माझ्याकडे. अशील बाई असली की "मॅडमशी बोला".
४. पुढे जेएमएफसी (कनिष्ठ स्तर न्यायाधीशाची परीक्षा) द्यायची आहे. तीन वर्षांच्या वकिलीचा पुरावा कसा उभा करायचा?

ऑफिस सोडायचं की नाही ते माझं मी ठरवेन. तिथे राहून काय मागता येतं आणि कसं, एवढं हवंय.

---

निशाणी_पाच

आधी चौथा प्रश्न घेते, कारण त्याच्यामुळे पहिला तातडीचा होतो. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा बंधनकारक केली. मोजणी तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून होते, त्यामुळे बार परीक्षेच्या आधीचे महिने वाया जात नाहीत. दाखला द्यायचा तो त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायाधीशांनी, नाहीतर किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने. वकिलाने दिला तर त्यावर जिल्ह्याच्या किंवा त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायाधीशांची मान्यता लागते.

दाखल्यावर सही करायला तुमचे सरच असतील असं धरून चालू नका. ज्युनिअर आणि सीनियरचं बिनसणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. मग दुसऱ्या कुणा दहा वर्षंवाल्याकडे जाल, तर तो विचारणार, "तुम्ही केलेलं काम दिसतं कुठे?" आत्ता ते कुठेच दिसत नाही. रोजनाम्यात (प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद) बहुतेक वेळा "वादीचे वकील हजर" इतकंच पडतं. कोण हजर होतं, हे लिहायचं कारण कोर्टाला नसतं.

कायदा काय म्हणतो ते आधी पक्कं करा. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३ नियम ४ आहे. त्यात दोन कामं वेगळी केलेली आहेत. पक्षकारातर्फे कोर्टात कागद दाखल करणं, त्यावर सही करणं हे एक. त्याला वकीलपत्र लागतंच. नुसतं उभं राहून बोलणं, युक्तिवाद करणं हे दुसरं. वकीलपत्र असलेल्या वकिलाने तुम्हाला पाठवलं असेल तर त्यासाठी वेगळा मेमोही (हजेरीचा कागद) लागत नाही. म्हणजे तारीख मागायला, युक्तिवाद करायला तुम्ही उभ्या राहू शकता. पण वकीलपत्रावर नाव नसताना पुरसीसवर (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) सही करणं चुकीचं आहे, आणि ज्युनिअर मंडळी रोज तेच करत असतात.

यातला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे पुरावा बंद केल्याची पुरसीस. सर फोनवर "देऊन टाक" म्हणतात, ज्युनिअर सही ठोकते. तीन महिन्यांनी अशील विचारतो की माझा दुसरा साक्षीदार का नाही तपासला. तेव्हा कागदावर सही सरांची नसते. पुरावा बंद, दावा काढून घेणं, तडजोड, कबुली या चार कागदांवर ज्युनिअरने फोनवरच्या सांगण्यावरून सही करूच नये. तडजोडीवर तर पक्षकारांच्या सह्या लागतातच, आदेश २३ नियम ३ बघा.

आता मागायचं कसं. जुन्या सगळ्या फायलींत नाव घाला असं म्हणालात तर नकार येईल. दोन फायली निवडा, ज्यांत मुद्दे (वादाचे प्रश्न) काढून झालेत पण साक्षीपुरावा सुरू व्हायचाय. सरांना सांगा, "या दोन्हींत माझं नाव घातलं तर पुरसीस, मुदतीचे अर्ज, कागदांच्या याद्या मी सहीनिशी देऊ शकते, तुम्हाला दुसऱ्या कोर्टातून धावत यायला नको." हा सरांच्या सोयीचा मुद्दा आहे, म्हणून तो चालतो. सर स्वतःच तयार असल्यावर आधीच्या वकिलाच्या ना हरकतीचा प्रश्न उरत नाही. अशिलाच्या सहीचं नवं वकीलपत्र, त्यावर दोघांची नावं आणि सनद क्रमांक, कल्याण निधीचं तिकीट, झालं. नव्या दाव्यांत तर छापतानाच दोन नावं घालायची.

वकीलपत्र दिल्यावर आठवड्याभराने ई-कोर्ट्सवर (कोर्टांचं संकेतस्थळ) वकिलाच्या सनद क्रमांकाने शोध घ्या (राज्याचा कोड, क्रमांक, वर्ष). ते प्रकरण तुमच्या यादीत दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर संगणकात नाव चढवायचं राहिलंय. लगेच जाऊन सांगितलं तर दोन मिनिटांचं काम आहे, वर्षाने सांगितलं तर अर्ज द्यावा लागतो. ई-फायलिंगचं खातंही स्वतःच्या सनदेवर उघडा. सरांच्या लॉगिनमधून तुम्ही शंभर दावे दाखल केलेत तरी ते सरांचेच.

आणि एक वही. प्रकरण क्रमांक, कोर्ट, तारीख, टप्पा, काय केलं, असे पाच रकाने. महिनाअखेरीस त्या त्या तारखेचा रोजनामा उतरवून घ्या. काही न्यायाधीश विनंती केली तर रोजनाम्यात नाव घेतात. पुकारा झाल्यावर नाव आणि सनद क्रमांक लिहिलेली चिठ्ठी स्टेनोंकडे द्या. तोंडी सांगितलेलं नाव बोर्डाच्या (दिवसाच्या प्रकरणांची यादी) गर्दीत हवेत जातं.

---

जुना_बार

सहा हजार कमी आहेत, मान्य. पण पहिली दोन वर्षं पैसे मोजायची नसतात. काम शिका, पैसा मागून येतो.

---

हिशेबाची_वही

@जुना_बार, हे वाक्य बार रूममध्ये फार ऐकू येतं. ज्याच्या घरी चेंबर आहे त्याला ते परवडतं. कॉट बेसिसवर राहणारी मुलगी सहा हजारांत भाडंसुद्धा भरू शकत नाही. ती वर्षभरात हिंजवडीला कंपनीच्या करार विभागात जाते आणि मग आपणच म्हणतो, मुली वकिलीत टिकत नाहीत.

मूळ प्रश्नाकडे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचं ऑक्टोबर २०२४ चं परिपत्रक आहे. ज्युनिअरला शहरी भागात किमान दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० मानधन द्यावं, कामाला लागल्यापासून किमान तीन वर्षं, असं त्यात म्हटलंय. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. ते सरांच्या टेबलावर आपटून उपयोग नाही, बोलणीला आधार म्हणून वापरा.

बोलणीत रक्कम एकच धरू नका, तीन भाग करा. ठरावीक मानधन हा पहिला. दुसरा, बाहेरगावच्या कोर्टाचा वेगळा भत्ता. राजगुरुनगरला जाऊन-येऊन ८० किलोमीटरच्या वर होतात, त्यात पेट्रोल, जेवण आणि अख्खा दिवस जातो. तिसरा, तुम्ही आणलेल्या अशिलाच्या फीत हिस्सा. पहिल्या भागावर सर ताठ राहतात, दुसऱ्या-तिसऱ्यावर पुष्कळदा सैल होतात. तिकिटं, झेरॉक्स, टायपिंग, बेलिफ (समन्स बजावणारा कोर्टाचा माणूस) भत्ता हे खिशातून घालायचं नाही. ऑफिसकडून महिन्याच्या सुरुवातीला उचल घ्या आणि संपली की हिशेब दाखवून पुन्हा घ्या. दीड-दोन हजार असे गळतात आणि कळतही नाहीत.

रोखीऐवजी यूपीआय किंवा बँकेतून मागा. "घरच्यांनी पीपीएफ काढायला सांगितलंय, खात्यात जमा झालं तर बरं" असं म्हटलं की वाद होत नाही. खात्यात दर महिन्याला एकाच माणसाकडून आलेली रक्कम हा तुम्ही तिथे काम करत होतात याचा कागद आहे, तो पुढे कुठे लागेल सांगता येत नाही. कर बसत नसला तरी विवरणपत्र भरा. पुढे कर्ज काढायचं झालं तर बँक तेच मागते.

पूर्णवेळ पगारी नोकरी धरलीत तर सनद स्थगित करावी लागते, आणि तो काळ वकिलीत धरला जाणार नाही. जेएमएफसीचा विचार असेल तर "वर्षभर कंपनीत काढू, मग येऊ" हे गणित चुकतं. लॉ कॉलेजमध्ये शिकवायला मात्र मुभा आहे, दिवसाला तीन तासांपर्यंत.

तुमच्या टप्प्यावर वरची कमाई करायची तर कोर्ट कमिशनरची कामं बघा. मोजणीवर देखरेख, जागेची पाहणी, कधी साक्षीदाराचा उलटतपास नोंदवणं. फी कोर्ट ठरवतं. सरफेसी कायद्याच्या (बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा) कलम १४ खाली ताबा घ्यायला वकिलाला कमिशनर नेमता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तिथे पोलीस बंदोबस्त आणि महिला पोलीस यांची मागणी आधी लेखी द्या. ताब्याच्या दिवशी दारात उभं राहून फोन फिरवायचे नाहीत.

---

तालुका_वकील

एक भर. शिवाजीनगरच्या बोर्डावर ज्युनिअरला उलटतपास मिळायला वर्षं जातात. घोडनदी, सासवड, वडगाव मावळ इथे सहा महिन्यांत मिळतो, कारण सीनियर रोज यायला तयार नसतो. सरांची तालुक्यात जी प्रकरणं आहेत ती मागून घ्या. अडचण आहे ती एसटीच्या वेळांची आणि धड स्वच्छतागृहाची. शेवटची गाडी कितीची आहे ते बघून न्यायाधीशांना सकाळीच सांगितलं की बहुतेक जण प्रकरण आधी घेतात.

---

कैफियत

तिसऱ्या प्रश्नावर इथे कुणी बोललंच नाही.

"बाई वकील म्हणजे फॅमिली" हा शिक्का पडतो आणि पाच वर्षांनी पुसायला जड जातो. पण फॅमिली टाळा असं मी म्हणणार नाही. फॅमिलीतलं कोणतं काम तुमच्या वाट्याला येतं, ते बघा. रडणाऱ्या अशिलाचं ऐकून घेणं, टिपणं काढणं आणि तिला चहा पाजणं एवढंच तुमच्याकडे आणि उलटतपास दुसऱ्याकडे, असं असेल तर ती समुपदेशकाची नोकरी झाली.

पोटगीचा अर्ज ही उलटतपास शिकायला पुण्यात मिळणारी सगळ्यात चांगली जागा आहे. रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते उघडून शेजारी बँकेचे उतारे ठेवा. प्रतिज्ञापत्रात पगार ७०,००० आणि हातात ३१,०००, कारण दोन कर्जांचे हप्ते. दुसरं कर्ज कधीचं? नोटीस मिळाल्यानंतरच्या महिन्यातलं. कर्जाची रक्कम कुठे गेली? भावाच्या खात्यात. या तीन प्रश्नांना फाजील आवाज लागत नाही, कागद लागतो. दिवाणी दाव्यातल्या खातेउताऱ्याचा उलटतपास याहून वेगळा नसतो. तेव्हा मागणी अशी करा: "हा पोटगीचा अर्ज मसुद्यापासून युक्तिवादापर्यंत माझ्याकडे द्या." अर्धवट दहा प्रकरणांपेक्षा अख्खी दोन बरी.

कौटुंबिक न्यायालयात वकिलाला हक्काने उभं राहता येत नाही, १९८४ च्या कायद्याचं कलम १३ आडवं येतं. म्हणून वकीलपत्रासोबत परवानगीचा अर्ज देतात. मिळते सहसा. पण अर्जच दिला नाही आणि समोरच्याने हरकत घेतली की पहिली तारीख वाया जाते, आणि अशिलासमोर तोंड उतरतं ते ज्युनिअरचं.

शिक्का पडू नये म्हणून जोडीला कलम १३८ ची (चेक न वटल्याची) प्रकरणं घ्या. चेक परत आल्याची बँकेची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस वाट पाहायची, त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. चुका तारखांच्या मोजणीत होतात. नोटीस परत आली तर पाकिटावरचा पोस्टाचा शेरा आणि तारीख तेव्हाच टिपून घ्या. पाकीट फाडून नोटीस बाहेर काढायची नाही, ते तसंच बंद दाखल करायचं.

अवांतर: पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. बायकांना वकिली करायला कायद्याने मोकळीक मिळाली १९२३ मध्ये. मधली बरीच वर्षं त्यांनी वकिलीचं काम केलंच, फक्त वकील म्हणून नाव लावता आलं नाही. वर निशाणी_पाच यांनी वकीलपत्राबद्दल लिहिलंय ते वाचताना हे आठवलं.

---

दुपारचं_बोर्ड

धाग्याला धरूनच एक विचारते. सीनियर रात्री साडेदहाला "फाईल घेऊन ऑफिसला ये" म्हणतात, व्हॉट्सॲपवर कामाचं सोडून बाकीचं येतं, अशा वेळी ज्युनिअरला नक्की कुठला कायदा लागू होतो? बारमध्ये तिघांनी तीन उत्तरं दिली.

---

कलम_पस्तीस

तिन्ही उत्तरं थोडीथोडी बरोबर असणार, कारण रस्ते वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकावर एक खाचखळगा आहे.

पहिला, २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा. दहा किंवा जास्त लोक काम करणारी फर्म असेल तर तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. चार माणसांचं ऑफिस असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागद आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, कारण दाखवलं तर समिती आणखी तीन वाढवू शकते. समोरचा म्हणणार की ज्युनिअर स्वतंत्र वकील आहे, मालक-कर्मचारी असं नातंच नाही. त्यावर कायद्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या दाखवा. त्यात तात्पुरती, प्रशिक्षणार्थी, मानधन न घेणारीसुद्धा येते. नेमाने खात्यात आलेलं मानधन इथे कामाला येतं. हा मुद्दा लढवावा लागेल, आयता मिळणार नाही.

बार कौन्सिलने स्वतः अशी समिती नेमावी आणि वकिलांमधल्या तक्रारी तिने ऐकाव्यात, ही मागणी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मान्य केली नाही. कौन्सिल ही वकिलांची मालक नव्हे, असं कारण दिलं. म्हणून दुसरा रस्ता, ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३५. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार. कलमात "व्यावसायिक किंवा अन्य" गैरवर्तन असे शब्द आहेत, त्यामुळे हे अशिलाशी झालेलं नाही, ही हरकत टिकत नाही. शिस्तपालन समितीने वर्षभरात निकाल द्यायचा, नाहीतर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. सनदेवर टाच येऊ शकते ती याच रस्त्याने.

तिसरा, भारतीय न्याय संहिता. कलम ७५ लैंगिक छळ, ७८ पाठलाग (नको म्हटल्यावरही संपर्क करत राहणं यात येतं), ७९ शब्द किंवा हावभाव. हा रस्ता इतर दोघांसोबत चालवता येतो.

पुराव्याचं बघा. मेसेज डिलीट करायचे नाहीत, चॅट एक्सपोर्ट करून ठेवायचं, आणि फोन विकायचा किंवा फॉरमॅट करायचा नाही. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग तुमचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. "सर, ऑफिसचं काम सकाळी साडेनऊला करू, रात्री येणं जमणार नाही" हा एक ओळीचा मेसेज त्याच रात्री पाठवा. पुढे "तिची हरकतच नव्हती" असा बचाव घेतला जातो, तेव्हा ही ओळ तारीखवार समोर असते.

अशिलांच्या बाबतीतही तेच. वकिलीचा नंबर वेगळा ठेवा, भेट ऑफिसात किंवा कोर्टात द्या. पोलीस चौकीत रात्री जायची वेळ आली तर दुसरा वकील सोबत घ्या आणि जाण्याआधी ठाणे अंमलदाराला फोन करून नाव सांगा.

---

सनद_नवीकोरी

सगळ्यांचे आभार. दोन फायली निवडल्या, एक मुळशीच्या जमिनीच्या वाटपाचा दावा आणि एक मनाई हुकमाचा. एक शंका राहिली: वकीलपत्रावर नाव घातलं आणि उद्या ऑफिस सोडलं, तर त्या प्रकरणांची जबाबदारी माझ्यावर राहते का?

---

निशाणी_पाच

राहते. वकीलपत्र कोर्टाच्या परवानगीने संपेपर्यंत चालूच असतं, ऑफिस सोडल्याने संपत नाही. नोटीस तुमच्या नावाने येऊ शकते, आणि अशील "माझ्या मॅडम आल्या नाहीत" म्हणून तक्रारही करू शकतो.

म्हणून सोडायच्या आठवड्यात ई-कोर्ट्सवर सनद क्रमांक टाकून यादी काढा. जितकी प्रकरणं दिसतील तितके वकीलपत्र मागे घेण्याचे अर्ज. प्रत्येकाआधी अशिलाला स्पीड पोस्टाने कळवा, त्यात पुढची तारीख आणि सरांचं वकीलपत्र कायम आहे हे लिहा, आणि पोचपावती अर्जाला जोडा. फाईल फीसाठी अडवून ठेवता येत नाही. कागद सरांच्या ताब्यात देताना यादी करून त्यावर त्यांची सही घ्या.

वाटपाच्या दाव्यात आत्ताच एक करा. सगळ्या प्रतिवादींना समन्स बजावलं गेलंय का ते बेलिफाच्या अहवालावरून तपासा, आणि कुणी वारलं असेल तर वारसांची नावं ९० दिवसांत चढवायचा अर्ज राहिला नाही ना ते बघा. वाटपाच्या दाव्यांत सगळ्यात जास्त ढिलाई तिथेच होते, आणि आता त्या फाईलवर तुमचं नाव येणार आहे.